मेंदूची इजा आणि माणसाची वागणूक : वाचकांचे प्रश्न

मेंदूच्या आजारांविषयी प्रश्न पाठवण्याचे आवाहन या सदरातून केल्यानंतर धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. पत्र वाचून निदान करता येत नाही. तरीही कोणत्या दिशेने विचार करावा आणि कोणाकडे जावे, एवढे सांगता येते.

प्रश्न : माझे पती एकतीस वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी महामार्गावर त्यांच्या मोटारसायकलला अपघात झाला. डोक्यात हेल्मेट नव्हते. दोन दिवस शुद्ध नव्हती. सीटी स्कॅनमध्ये विशेष काही आढळले नाही आणि दोन आठवड्यांत ते घरी आले. पूर्वी ते शांत आणि हिशेबी होते. आता किरकोळ कारणावरून ओरडतात, पाहुण्यांसमोर नको ते बोलतात, कापसाचे आलेले पैसे आठवड्यात उडवतात, एक काम अर्धवट टाकून दुसरे सुरू करतात. मात्र नावे, तारखा, कोणाचे किती देणे आहे हे सर्व त्यांना आठवते. त्यामुळे सासरची माणसे म्हणतात की डोक्याला काही झालेले नाही, बायकोमुळे स्वभाव बिघडला. — एक भगिनी, शिरपूर तालुका

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ‘सर्व आठवते’ हे आहे, आणि घरच्यांची गफलत नेमकी तिथेच झाली आहे. स्मरणशक्ती शाबूत म्हणजे मेंदू शाबूत, असा आपला समज असतो. तो खरा नाही. कपाळाच्या मागे असलेल्या फ्रंटल लोबचा, विशेषतः डोळ्यांच्या खोबणींच्या वर टेकलेल्या त्याच्या खालच्या भागाचा संबंध आवर घालण्याशी, परिणामांचा अंदाज घेण्याशी आणि समोरच्या माणसाची मर्जी ओळखण्याशी आहे. अपघातात डोके जोराने आदळते तेव्हा कवटीच्या आतला मऊ मेंदू पुढे-मागे हलतो, आणि कवटीच्या तळाचे हाड नेमके याच ठिकाणी खडबडीत व कंगोरेदार असल्यामुळे फ्रंटल लोबचा तळ आणि कानशिलाकडील टेम्पोरल लोबची टोके अधिक खरचटतात. मार डोक्याला मागून बसला तरी इजा पुढे होऊ शकते, ती यामुळेच.

स्कॅनमध्ये काही आढळले नाही, याचा अर्थ काय? अपघातानंतर तातडीने केलेला सीटी स्कॅन मुख्यतः रक्तस्राव, सूज आणि हाडाचा तडा शोधण्यासाठी असतो. धक्क्याच्या वेळी मेंदूतील लांब तंतू ताणले किंवा तुटले गेले, तर ते नुकसान इतके सूक्ष्म असते की साध्या सीटी स्कॅनवर ते पुष्कळदा उमटतच नाही. एमआरआयच्या काही विशेष पद्धतींत त्याच्या बारीक खुणा दिसू शकतात. तेव्हा ‘रिपोर्ट नॉर्मल’ या दोन शब्दांवर एखाद्या संसाराचा न्याय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा रुग्णांत घरच्या माणसाने सांगितलेली ‘आधी असे होते, आता असे आहे’ ही हकीकत निदानासाठी स्कॅनइतकीच मोलाची असते.

या विषयातील सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील फिनिअस गेज याचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू ठासण्याची साडेतीन फुटांहून लांब, सुमारे सहा किलो वजनाची लोखंडी पहार स्फोटामुळे त्याच्या डाव्या गालाखालून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. तो पंचवीस वर्षांचा होता. तो वाचला, आणि काही वेळातच बोलूही लागला. परंतु त्याच्यावर उपचार करणारे डॉ. जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये लिहिलेल्या अहवालानुसार पूर्वीचा जबाबदार मुकादम आता चंचल, उद्धट आणि कोणतीही योजना तडीस न नेणारा झाला होता. हा आपला गेज नव्हे, असे त्याचे सोबती म्हणत. पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात, आणि मला ते पटत नाही. कारण हाच गेज पुढे चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता. प्रवाशांशी बोलणे, ठरलेल्या वेळी निघणे आणि अनेक घोडे एकाच वेळी सांभाळणे हे काम पूर्णपणे बेताल झालेल्या माणसाला जमणारे नव्हे. ठरावीक दिनक्रमाने त्याला बरेच सावरले असावे, असे आज अनेक अभ्यासक मानतात. १८६० मध्ये त्याचा मृत्यू झाला.

दुसरे उदाहरण तुमच्या पतींच्या अधिक जवळचे आहे. अमेरिकेतील आयोवा येथे पॉल एस्लिंगर आणि अँटोनिओ डमासिओ यांनी १९८५ मध्ये एका रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. फ्रंटल लोबच्या खाली वाढलेली गाठ काढल्यानंतर त्याच्या बुद्धिमापन चाचण्या सरासरीपेक्षा वरच्या आल्या, स्मरण उत्तम होते, योग्य-अयोग्य काय हे तो तोंडी अचूक सांगे; आणि तरीही त्याची नोकरी गेली, धंदा बुडाला, संसार मोडला. काय करावे हे माहीत असणे आणि ते वेळेवर करणे या मेंदूसाठी दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रुग्णामुळे ठळक झाले.

आता करायचे काय? न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञाला, पुन्हा दाखवा. अपघाताआधीचे आणि नंतरचे वागणे, प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांसह, कागदावर लिहून न्या. ‘चिडतात’ एवढे पुरत नाही, केव्हा, कशावरून आणि किती वेळ हे लिहा. नियोजन, लक्ष आणि आवर तपासणाऱ्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेतात. त्या सांगून घ्या. डोक्याच्या इजेनंतर नैराश्य पुष्कळांना येते आणि ते चिडचिडीच्या रूपात दिसते. त्यावर औषधे आहेत. दारू पूर्ण बंद हवी. फिट आली असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय गाडी चालवू देऊ नये. घरी दिवसाचा क्रम ठरलेला असावा, एका वेळी एकच काम सांगावे, आणि भडका उडाला असता त्याच क्षणी वाद न घालता अर्ध्या तासाने तो विषय काढावा. मोठे आर्थिक व्यवहार काही काळ दोघांच्या संमतीनेच व्हावेत. सुधारणेचा वेग पहिल्या वर्षात जास्त असतो, परंतु त्यानंतरही ती होते. आणि सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या भेटीला सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले घरात वेगळ्या प्रकारे पोहोचते. तुमच्यामुळे हे झालेले नाही.

प्रश्न : मुलांचा ‘मिडब्रेन’ जागृत करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारा वर्ग आमच्या शहरात सुरू झाला आहे. फी बरीच आहे. मुलाला पाठवावे का? — एक पालक, जळगाव

उत्तर : पाठवू नये. मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू हा मेंदूच्या देठातील लहानसा भाग असून डोळ्यांच्या हालचाली, बाहुलीचा आकार आणि शरीराच्या हालचालींची सुरुवात यांच्याशी त्याचा संबंध आहे. तेथील काही पेशी नष्ट झाल्या की पार्किन्सनचा कंपवात होतो. मध्यमेंदू प्रत्येक जिवंत माणसात जागाच असतो. पट्टी बांधून वाचणारी मुले नाकाजवळच्या फटीतून पाहतात. ती फट नीट बंद केली की विद्या संपते. उजव्या आणि डाव्या मेंदूची माणसे वेगळी असतात, या प्रचाराचीही तीच गत आहे. १,०११ जणांच्या मेंदूंची चित्रे तपासणाऱ्या यूटा विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात एखाद्या व्यक्तीची संपूर्ण उजवी किंवा संपूर्ण डावी बाजू वरचढ असल्याचे आढळले नाही. त्या पैशांत मुलाला तापीत नव्हे, चांगल्या शिक्षकाच्या देखरेखीखाली तलावात पोहायला शिकवा. मेंदूला त्याचा खरोखर उपयोग होईल.

प्रश्न : माझ्या आईला पक्षाघात होऊन तीन महिने झाले. डावा हात-पाय उचलत नाही, पण ती म्हणते, ‘मला काही झालेले नाही.’ ताटातील उजवीकडची भाजी-भाकरी खाते, डावीकडचे तसेच ठेवते आणि अजून वाढा म्हणते. डावा हात तिला दाखवला तर ‘हा माझा नाही’ असेही एकदा म्हणाली. आम्ही सुरुवातीला भगताकडे नेले, त्यात दोन दिवस गेले. गावात अजूनही बाहेरची बाधा म्हणतात. — नंदुरबार जिल्ह्यातील एक वाचक

उत्तर : तुमच्या आईला जे होते आहे ते वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. फ्रेंच वैद्य जोझेफ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले, ज्यांचा डावा हात-पाय लुळा पडलेला असूनही त्यांना त्याची जाणीवच नव्हती. मेंदूच्या उजव्या बाजूच्या, विशेषतः डोक्याच्या वरच्या-मागच्या भागातील पराएटल लोबच्या इजेत हे अधिक दिसते. तेथील इजेमुळे डाव्या बाजूच्या जगाकडे लक्ष जाणेच बंद होते. डोळे अधू नसतात. डावीकडची भाकरी डोळ्यांना दिसते, पण ती तिच्या जगात येत नाही. उजव्या मेंदूचे लक्ष दोन्ही बाजूंवर असते आणि डाव्या मेंदूचे मुख्यतः उजवीकडे असते, असे मानले जाते. त्यामुळे उजवा मेंदू दुखावला की डावी बाजू बेवारस होते, पण डावा मेंदू दुखावला तर उजवी बाजू बहुधा सांभाळली जाते.

हा नजरेचा दोष नाही, हे इटलीतील एदुआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझात्ती यांनी १९७८ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवले. त्यांनी मिलान शहरातील अशा रुग्णांना सांगितले, की शहराच्या ओळखीच्या मुख्य चौकात कॅथीड्रलकडे तोंड करून उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसते ते सांगा. रुग्णांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, डावीकडच्या गाळल्या. मग त्यांना कल्पनेतच कॅथीड्रलकडे पाठ करून उभे राहायला सांगितले, तेव्हा आधी गाळलेल्या इमारती त्यांनी सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. चौक पूर्ण आठवत होता, परंतु मनातल्या चित्राचीही डावी बाजू हरवली होती.

म्हणून आई खोटे बोलत नाही आणि हट्टही करीत नाही. ‘बघ तुझा हात उचलत नाही’ असे वारंवार पटवून देण्याचा उपयोग नसतो; त्याने ती फक्त चिडेल. जेवताना मध्येच ताट फिरवून द्या. तिच्याशी डावीकडे बसून बोला, डावीकडून स्पर्श करा, डावीकडे पाहण्याची आठवण करून द्या. ताटाच्या किंवा पोथीच्या पानाच्या डाव्या कडेला लाल फीत लावा आणि ती फीत दिसेपर्यंत मान वळवायला सांगा. आपल्याला चालता येते या समजुतीने ती अचानक उठू पाहील आणि पडेल, हा सर्वांत मोठा धोका आहे. खाट बुटकी ठेवा आणि रात्री कोणीतरी जवळ झोपा. डावा हात अंगाखाली दबत नाही ना, हेही पाहा. ‘मला काही झालेले नाही’ हे म्हणणे पुष्कळ रुग्णांत काही आठवड्यांत ओसरते, बाजूकडील दुर्लक्ष मात्र अधिक काळ रेंगाळू शकते. फिजिओथेरपी त्यासाठीच सुरू ठेवायची.

गेलेल्या दोन दिवसांबद्दल आता कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही, पण इतर वाचकांसाठी हे लिहिणे भाग आहे. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि ते देण्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही ना हे पाहावे लागते. तोंड एकीकडे वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काहीही एकाएकी झाले तर १०८ क्रमांकावर फोन करावा. अक्राणी, अक्कलकुवा या डोंगराळ भागांतून स्कॅनच्या यंत्रापर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो. म्हणून तर घरातून निघण्यात एक मिनिटही घालवू नये. गंडा-दोरा नंतर कधीही बांधता येतो.

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. आयुष्यभर मराठीतून शिकवले. घरात आणि गावात अहिराणी. पक्षाघातानंतर त्यांना मराठी बोलता येत नाही, अहिराणीत मात्र तुटक का होईना ‘पानी दे’, ‘बरं शे’ (बरे आहे) असे बोलतात. आरती संपूर्ण म्हणतात! शिकलेले पुसले गेले आणि मूळचे राहिले, असे झाले का? — एक वाचक, साक्री तालुका

उत्तर : तुमचा तर्क फार जुना आणि प्रतिष्ठित आहे. फ्रान्समधील थिओड्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये असेच मांडले होते, की आधी शिकलेले टिकते आणि नंतरचे आधी जाते. पुढे १८९५ मध्ये आल्बेर पित्रेस यांनी दुसरा नियम सांगितला, की आजाराच्या वेळी जी भाषा सर्वांत जास्त वापरात होती ती आधी परत येते. निवृत्तीनंतर तुमच्या वडिलांच्या वापरात अहिराणीच अधिक असेल, तर दोन्ही नियम त्यांना लागू पडतात आणि कोणता खरा हे ठरत नाही. प्रत्यक्षात बहुसंख्य द्विभाषिक रुग्णांत दोन्ही भाषा साधारण एकाच प्रमाणात बिघडतात आणि एकाच प्रमाणात सुधारतात. तुमच्या वडिलांसारखा फरक कमी जणांत दिसतो.

मेंदूत मराठीचा एक कप्पा आणि अहिराणीचा दुसरा, अशी रचना आढळलेली नाही. दोन्ही बहुतांशी त्याच जाळ्यावर चालतात. बिघडते ते बहुधा योग्य भाषा निवडणे आणि नको ती दाबून ठेवणे, म्हणजे भाषांवरचे नियंत्रण; म्हणून एखादे दिवशी अनपेक्षितपणे मराठी वाक्य त्यांच्या तोंडून आले तर चकित होऊ नका. ते पुसले गेले नव्हते.

बोलण्याची जागा शोधण्याचा इतिहास १८६१ पासून सुरू होतो. पॅरिसचे पॉल ब्रोका यांच्याकडे एक रुग्ण होता, जो सर्व समजत असे परंतु ‘टान’ एवढेच उच्चारत असे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूत डाव्या फ्रंटल लोबच्या खालच्या भागात इजा सापडली आणि वाणीची जागा मिळाली असे जाहीर झाले. तो मेंदू ब्रोकांनी जपून ठेवला होता. २००७ मध्ये त्याचे एमआरआय चित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा इजा ब्रोकांना वरून दिसली त्याहून कितीतरी खोल, आतील तंतूंपर्यंत गेलेली आढळली. ब्रोकांचे श्रेय त्याने कमी होत नाही, पण बोलणे एका ठिपक्यात राहत नाही एवढे नक्की होते.

आरतीचे कोडे याच्याशीच जुळलेले आहे. आरती, पाढे, अंक, शिव्या आणि जात्यावरच्या ओव्या ही ठरलेली, चालीवर बसलेली वाणी आहे. तिला दर वेळी नवे वाक्य जुळवावे लागत नाही. तिच्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा सहभाग असतो, असे मानले जाते. भाषेच्या उपचारात चालीचा उपयोग करून घेतात. ‘माले पानी दे’ हे वाक्य एखाद्या चालीत म्हणवून घ्या आणि हळूहळू चाल काढून घ्या.

वाणी-उपचारतज्ज्ञांना अहिराणी येत नसेल, तर म्हणून मराठीतूनच सराव करावा असा आग्रह धरू नका. घरातील रोजच्या वस्तूंची आणि कामांची अहिराणी नावे तुम्हीच चित्रांसह लिहून द्या. ज्या भाषेत शब्द येतो आहे त्या भाषेतून सुरुवात करावी, मग ती शाळेत लाज वाटून दाबलेली का असेना. जाता जाता एक गोष्ट. हैदराबाद येथे सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि शाळेत न गेलेल्यांतही हा फरक आढळला. पुढे इतर देशांतील सर्व अभ्यासांत तोच निष्कर्ष आला असे नाही. तरी अहिराणी, पावरी किंवा लेवा बोली बोलणाऱ्या मुलाला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करणाऱ्यांनी तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : माझा भाऊ केळीच्या बागेत कामाला जातो. मे महिन्यात ऊन लागून शेतातच पडला, ताप फार होता, बरळत होता. पाच दिवस अतिदक्षता विभागात ठेवले. आता ताप नाही, पण दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात चालतो आणि शब्द ओढून बोलतो. तो दारू पीत नाही. — रावेर तालुका

उत्तर : उष्माघातात शरीराचे आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूचे कार्य बिघडते, बरळणे हे त्याचेच लक्षण होते. मेंदूच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूतील पुर्किंजे नावाच्या पेशी उष्णता विशेष सहन करू शकत नाहीत. त्या मेल्या की तोल, हालचालींचा नेमकेपणा आणि उच्चारांची लय बिघडते. तुमच्या भावाचे वर्णन त्याच्याशी जुळते, तरी बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा औषधांचा परिणाम नाही ना, हे न्यूरॉलॉजिस्टने पाहावे. काही रुग्णांत काही महिन्यांत बरीच सुधारणा होते, काहींत दोष कायम राहतो. तोल सांभाळण्याचा रोजचा व्यायाम हाच मुख्य उपचार आहे. मेंदूतील सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळजवळ ६,९०० कोटी या लहान मेंदूत असतात, आणि तो केवळ तोलापुरता नाही. त्याच्या इजेने नियोजन मंदावते आणि भावना सपाट किंवा अनावर होतात, हे जेरेमी श्माहमान यांनी १९९८ मध्ये दाखवले. तेव्हा भाऊ अबोल झाला असेल तर तो रुसला आहे असे समजू नका.

खानदेशात पारा ४५ च्या आसपास जाणे नवे नाही, म्हणून हेही सांगतो : ऊन लागून बरळणाऱ्या माणसाला आधी सावलीत घेऊन कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओता आणि वारा घाला, मग रुग्णालयाच्या वाटेला लागा, आणि वाटेतही पाणी शिंपडत राहा. तापाची गोळी या तापावर चालत नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

प्रश्न : मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. मेंदूच्या अमुक भागाला इजा झाली आणि अमुक गुण गेला, म्हणजे तो गुण त्या भागात होता, असे विद्यार्थ्यांना सांगणे बरोबर आहे का? — एक प्राध्यापिका, भुसावळ

उत्तर : वर दिलेल्या सर्व उत्तरांच्या मुळाशी तुमचाच प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की इजेवरून तो भाग त्या कामासाठी लागतो एवढे कळते. ते काम तिथेच वास करते असे सिद्ध होत नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी पाटाने एकामागून एक फडांना देण्याच्या जुन्या पद्धतीत, वरच्या बाजूचा पाट फुटला तर शेवटच्या फडाला पाणी पोहोचत नाही, पण म्हणून पाणी पाटाच्या त्या तुकड्यात राहत होते असे कोणी म्हणत नाही.

विद्यार्थ्यांना हेन्री मोलेसन यांची हकीकत सांगा. १९५३ मध्ये अपस्मार थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस (कानशिलाच्या आत खोलवर असलेला भाग) आणि लगतचा भाग मोठ्या प्रमाणावर काढला गेला. फिट कमी झाल्या, परंतु नवी आठवण तयार होणे थांबले. इतक्यावरून हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृतीचे कोठार, असा निष्कर्ष निघाला असता. पण बालपणीच्या पुष्कळ गोष्टी त्यांना आठवत होत्या, म्हणजे जुना साठा अन्यत्र होता. आणि ब्रेंडा मिल्नर यांनी आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवण्याचा सराव दिला, तेव्हा दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, जरी हे काम आपण पूर्वी केले आहे हे दर दिवशी त्यांना नव्यानेच कळे. एका रुग्णात एक कार्य जाते आणि दुसरे राहते, दुसऱ्या रुग्णात नेमके उलट होते, अशी जोडी मिळाली तरच दोन कार्ये वेगळी असल्याचे म्हणता येते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही द्यावे. २००७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात फ्रान्समधील ४४ वर्षांच्या एका कर्मचाऱ्याची चित्रे छापली गेली. बालपणापासूनच्या जलशीर्षामुळे त्याच्या कवटीत मध्यभागी पाणीच पाणी होते आणि मेंदू कडेला पातळ थरासारखा दाबला गेला होता. त्याचा बुद्ध्यांक ७५ होता, तरी तो नोकरी करीत होता, विवाहित होता, दोन मुलांचा बाप होता. नुकसान हळूहळू आणि लहानपणापासून होत गेले तर मेंदू आपली मांडणी बदलतो. तेच नुकसान एका दिवसात झाले असते तर तो जगला नसता.

जागा म्हणजेच गुण, असे मानल्याने काय होते याचाही इतिहास आहे. पोर्तुगालचे एगास मोनीझ यांनी १९३५ मध्ये मानसिक रुग्णांच्या फ्रंटल लोबचे तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेत ती हजारो रुग्णांवर केली गेली. अस्वस्थता काढायला गेले आणि पुष्कळांतून माणूसच उणा झाला.

प्रश्न : माझे वडील अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. दोन वर्षांपासून दुकानातून वस्तू न सांगता उचलतात, सारखे गोड खातात, नातू आजारी पडला तरी त्यांना काही वाटले नाही. स्मरणशक्ती चांगली आहे. आता भाऊबंदांपैकी एकाने त्यांच्याकडून शेताच्या सौद्याच्या कागदावर सही घेतली आहे. — चोपडा तालुका

उत्तर : साठीच्या आत, स्मरण चांगले असताना, लाज, माया आणि आवर एकदम कमी होणे आणि गोडाची ओढ वाढणे या चार गोष्टी एकत्र आल्या की फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाची शंका घ्यावी लागते. या आजारात मेंदूचा पुढचा आणि कानशिलाकडील भाग हळूहळू झिजतो. प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये अशा रुग्णाचे प्रथम वर्णन केले. ४५ ते ६५ या वयात तो अधिक सुरू होतो, आणि विस्मरण नसल्यामुळे घरच्यांना तो आजार न वाटता चारित्र्य वाटते. तो थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही, पण त्याच्यासारखीच दिसणारी आणि उपचाराने सुधारणारी कारणे आधी तपासावी लागतात : थायरॉइडची कमतरता, बी-१२ ची कमतरता, मेंदूतील गाठ, मेंदूभोवती साचलेले जुने रक्त. त्यासाठी रक्ततपासणी आणि एमआरआय करा. धुळे किंवा जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सुरुवात करता येईल. घरच्यांना मानसिक आधार हवा असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सहीबाबत लवकर हालचाल करा. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करताना त्याचा अर्थ समजण्याची आणि आपल्या हितावर होणाऱ्या परिणामाचा विवेकाने निर्णय घेण्याची क्षमता असावी लागते. वडिलांना कागद वाचता येतो, आकडे कळतात, त्यामुळे पहिल्या भागावर समोरचा पक्ष जोर देईल. तुमचा मुद्दा दुसऱ्या भागाचा आहे. तो मांडण्यासाठी तपासणीची तारीख, निर्णयक्षमतेच्या चाचण्यांचा लेखी अहवाल आणि दोन वर्षांतील वागण्यातील बदलांची शेजारी-दुकानदारांकडून मिळणारी माहिती लागेल. वैद्यकीय तपासणी सहीच्या दिवसाला जितकी जवळ, तितके तिचे वजन अधिक. म्हणून वकिलाची भेट आणि न्यूरॉलॉजिस्टची भेट याच आठवड्यात घ्या, आणि वडिलांनी उचललेल्या वस्तूंचे पैसे आम्ही महिन्याच्या महिन्याला चुकते करू, असे दुकानदारांना आधीच सांगून ठेवा.